उंबरठ्यावरचा ठेका

घरी आजारी माणूस असताना शुश्रूषा करणाऱ्याने मौजेसाठी बाहेर पडावे की नाही, हा प्रश्न आपणांपैकी अनेकांना छळत असेल. मलाही तो छळत असे. माझे यजमान ७५ वर्षांचे. सात वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताने, म्हणजेच पार्किन्सन्सने गाठले. गेल्या वर्षी लेकीकडे मेलबर्नला गेलो असता तिने एका शनिवारी आम्हांस उपनगरातील रॉक अँड रोल नृत्यमंडळात नेण्याचा हट्ट धरला. मी साफ नकार दिला. "आई, बाबा खुर्चीवर बसतील. पण तू शेवटची मनापासून कधी हसलीस, ते सांग," असे ती म्हणाली आणि मी निरुत्तर झाले.

सभागृह साधेच होते. लाकडी जमीन, भिंतीलगत खुर्च्या, कोपऱ्यात चहा आणि घरोघरून आणलेला फराळ. तेथे तरुणांची झुंबड असेल, ही माझी समजूत खोटी ठरली. बहुतेकांचे केस पांढरे होते. १९५७ साली बिल हेली ऑस्ट्रेलियात आले, तेव्हा या संगीताने वेडावलेली मुले आता ऐंशीच्या पलीकडे पोहोचली होती. त्याच वर्षी 'आशा' चित्रपटात आपल्या सी. रामचंद्रांनी याच धाटणीचे गाणे बांधले होते. यजमानांच्या तरुणपणी ते त्यांच्या ओठांवर सदैव असे.

आरंभी नवख्यांना धडा दिला जातो. एका वृद्ध गृहस्थांनी मला पावले शिकवली: दोन बाजूला, एक मागे, पुन्हा जागेवर. मी पदर खोचला, मनात मोजू लागले आणि दोनदा त्यांच्या पायावर पाय दिला. पण तिसऱ्या गाण्यात ठेका सापडला. आनंद होताच अपराधीपणही दाटून आले. मी वळून यजमानांकडे पाहिले. या आजारात चेहऱ्यावरचे भाव मावळतात, तसा त्यांचा चेहरा निर्विकारच होता. मात्र खुर्चीच्या हातावर त्यांचे बोट अचूक ठेका धरत होते.

निघताना दाराशी त्यांचे पाय जमिनीला खिळले. अरुंद जागी असे वारंवार होते. एरवी मी दंड धरून ओढते, ते चिडतात, मग मीही चिडते. त्या रात्री मी ओढले नाही. शेजारी उभी राहून नुकतीच शिकलेली मोजणी हळू आवाजात सुरू केली. एक, दोन, एक, दोन. तिसऱ्या आवर्तनाला त्यांचे पाऊल उचलले गेले आणि आम्ही दाराबाहेर आलो.

पुण्यास परतल्यावर फिजिओथेरपिस्टनी याचा उलगडा केला. या विकारात चालण्याची आतली लय बिघडते, तेव्हा मोजणी, टाळी किंवा जमिनीवरच्या रेघा यांचा बाहेरून मिळणारा आधार काहींना उपयोगी पडतो. तो सर्वांनाच लागू पडत नाही आणि त्याने आजारही बरा होत नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००३ साली ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात नियमित नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. नृत्यामुळेच तसे झाले, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

आपणांस असे काही करावेसे वाटल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. औषधाची वेळ सांभाळावी, न घसरणारी पादत्राणे घालावीत, गिरक्या टाळाव्यात आणि जवळ खुर्ची ठेवावी. तोल जाणाऱ्या व्यक्तीच्या बाजूला कोणीतरी उभे असावेच.

यजमानांचे पाय आजही न्हाणीघराच्या उंबरठ्याशी अडतात. मी मोजते. कधी पाऊल पडते, कधी पडत नाही. पण आता मी त्यांना ओढत नाही. आणि दर शनिवारी सायंकाळी शेजारीण त्यांच्यापाशी बसते, तेव्हा एक तास माझा स्वतःचा असतो.