घरातल्या दप्तराची मोजदाद

संगणकातील जुनी, मंदावलेली हार्ड डिस्क बाजूला सारून तिच्या जागी एसएसडी बसवावयाची, हे आमच्या घरी एकमताने ठरले. परंतु ती किती क्षमतेची असावी, या एका प्रश्नावर मात्र प्रत्येकाचे मत निराळे पडले. सिल्वासातील आमचा नेहमीचा दुरुस्ती करणारा तरुण म्हणाला, "काका, घरच्या कामाला दोनशे छप्पन पुष्कळ झालं." वापीला नोकरी करणारा भाचा म्हणाला, "मामा, घ्यायचीच तर एक टीबी घ्या, पुन्हा पुन्हा कोण खोलत बसणार?" दोघांचाही हेतू निर्मळ होता, पण आमच्या संगणकात काय आहे हे दोघांपैकी कोणीच पाहिलेले नव्हते, आणि जी वस्तू साठवणीसाठी घ्यावयाची तिचे आकारमान साठ्याची मोजदाद केल्यावाचून ठरविणे मला सयुक्तिक वाटेना.

हा साठा मला प्राणाइतका जपावासा वाटतो, त्याला कारण आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली विधिवत भारतात समाविष्ट झाली. मधल्या सात वर्षांत वरिष्ठ पंचायतीने या मुलखाचा कारभार चालविला, आणि त्याच काळात माझे वडील येथे शिक्षक म्हणून आले. त्यांची पत्रे, टिपणे, शाळेच्या अंगणात काढलेली छायाचित्रे हे सर्व मी स्कॅन करून ठेवले आहे. शिवाय खानवेलच्या बाजूच्या पाड्यांवर वारली वृद्धांनी मोठ्या आपुलकीने वाजवून दाखविलेला तारपा आणि सांगितलेल्या आठवणी यांचे ध्वनिमुद्रण, हीदेखील माझ्या निवृत्तीनंतरच्या वर्षांची मिळकत आहे.

तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन मी एकेका फोल्डरचे आकारमान टिपावयास बसलो. आयुष्यभर केलेले सारे लेखन प्रथम मोजले. आणि देवनागरीचे एक अक्षरचिन्ह संगणकात बहुधा तीन बाइट घेते हे जमेस धरूनही, तीन लक्ष चिन्हांचे सबंध पुस्तक एका एमबीच्या आतच बसते, हे पाहून मला विलक्षण समाधान वाटले. चित्र व ध्वनी यांची बाब निराळी. चार बाय सहा इंचांचे एक छायाचित्र इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात, रंगीत आणि आकुंचन न करता स्कॅन केले तर ते सुमारे २६ एमबी होते. मूळ दर्जाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ एमबी घेते, म्हणजे शंभर तासांना ६४ जीबी लागतात. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ६४ जीबी जागा विहित केली आहे. त्यात नित्याच्या प्रोग्रॅमांची भर घातली. ध्वनिमुद्रणे, स्कॅन, नातीचा अभ्यास आणि रोज उघडावी लागणारी छायाचित्रे यांची बेरीज करता सव्वादोनशे जीबीच्या आसपास आकडा आला. यापलीकडे लग्नसमारंभांचे आणि मोबाइलवरचे व्हिडिओ होते, ते दीडशे जीबी. वर्षातून एखाद्या वेळी पाहावयाचे, आणि त्यांतले पुष्कळसे दुबार साठविलेले.

आता वेष्टनावरचा आकडा आणि प्रत्यक्ष हाती येणारी जागा यांची रुजुवात घालणे प्राप्त होते. उत्पादक एक अब्ज बाइटांना एक जीबी म्हणतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा एक जीबी धरते. सबब २५६ ची एसएसडी पडद्यावर २३८ दिसते, ५१२ ची ४७६ आणि एक टीबीची ९३१. सव्वादोनशेचा साठा २३८ मध्ये कोंबला असता तर शिल्लक नाममात्र राहिली असती, आणि एसएसडीला शिल्लक जागा नुसती सोयीसाठी नव्हे, तर तिच्या कार्यपद्धतीसाठीच लागते.

या यंत्रातील फ्लॅश स्मृतीची कल्पना तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात मांडली. तिच्यात मजकूर लहान पानांत लिहिला जातो, परंतु पुसावयाचा तर अनेक पानांचा सबंध गट एकदम पुसावा लागतो. पाटीवरची एक ओळ बदलण्यासाठी बाकीच्या ओळी दुसऱ्या पाटीवर उतरवून मग ती पाटी स्वच्छ करावी, तसा हा प्रकार आहे, आणि कोऱ्या पाट्या जितक्या कमी तितकी ही उतरवाउतरव अधिक. शिवाय आजच्या बहुतेक घरगुती एसएसडी मोकळ्या पेशींचा काही भाग जलद लेखनासाठी तात्पुरता वापरतात. जागा भरत आली की ही सवलत आक्रसते आणि मोठी फाइल उतरविताना गती खाली येते. म्हणून एक पंचमांश जागा कायम मोकळी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

"मोठी एसएसडी अधिक टिकते," हे भाच्याचे प्रतिपादन मी आदराने तपासले. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ या श्रेणीत २५० जीबीला १५० टीबी, ५०० जीबीला ३०० टीबी आणि एक टीबीला ६०० टीबी एवढे लेखन हमीत धरले आहे, तेव्हा तत्त्वतः त्याचे म्हणणे यथार्थ आहे. पण दररोज २० जीबी लिहिले गेले, आणि आमच्या घरी तितके क्वचितच होते, तरी वर्षाला सव्वासात टीबी होतात. ३०० टीबीची मर्यादा गाठावयास चाळीस वर्षे लागतील. केवळ टिकाऊपणासाठी दुप्पट क्षमता घेण्याचे प्रयोजन मला दिसले नाही.

आम्ही ५१२ जीबीची एसएसडी घेतली. नित्याचा साठा तिच्यावर आला, आणि व्हिडिओंची तजवीज त्याच संगणकात दुय्यम म्हणून राहू दिलेल्या हार्ड डिस्कवर झाली. ही सोय मेजावरच्या संगणकात होती म्हणून. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागाच नाही आणि जवळ व्हिडिओ विपुल आहेत, त्यांनी माझ्या भाच्याचे ऐकावे व एक टीबी घ्यावी.

वडिलांच्या कागदांची एक प्रत मात्र मी वेगळ्या बाह्य हार्ड डिस्कवर आणि दुसरी भाच्याच्या घरी ठेवली आहे. एसएसडी कपाटात बंद करून वर्षानुवर्षे विसरावी अशी वस्तू नव्हे. लेखनाची हमीतील मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेविना, ३० अंश सेल्सिअस तपमानात, एक वर्ष मजकूर राखावा, एवढीच जेडेक या मानक संस्थेची अपेक्षा आहे. आमच्याकडचा उन्हाळा तर तीस अंशांना सहज मागे टाकतो.

या मुलखात १९५४ ते १९६१ या काळातील पत्रे, छायाचित्रे, दाखले ज्यांच्या घरी ट्रंकेत पडून असतील, त्यांना माझी विनंती आहे की पावसाळ्याची ओल त्यांत शिरण्यापूर्वी ते स्कॅन करावेत व निदान दोन ठिकाणी ठेवावेत. मिनिटाला शंभर एमबी धरले तर तीन तासांच्या एका लग्नाच्या व्हिडिओला जितकी जागा लागते, तितक्यात अशी जवळजवळ सातशे छायाचित्रे मूळ दर्जात मावतात.