आधी कोणी बोलायचं?

आमच्या हिवरखेडसारख्या गावात पोरीची नोकरी तिच्या एकटीची नसते. त्या पगारात धाकट्या भावाची फी असते, बापाच्या पीककर्जाचा हप्ता असतो, सोयाबीन पाण्यात गेलं त्या वर्षीची किराण्याची उधारी असते. माझ्या पहिल्या नोकरीत पगारवाढ मागितली, तर साहेब म्हणाले, "तुला कुठं घर चालवायचंय?" सोबतच्या बाया नंतर म्हणाल्या, "जाऊ दे न माय, नोकरी सांभाळ." त्या भित्र्या नव्हत्या. महिन्याचा हिशोब त्यांना माझ्यापेक्षा पक्का ठाऊक होता.

म्हणूनच "ती बोलली का नाही?" हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. आमच्या उत्तरेला सातपुडा, तिथं मेळघाट. हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी 25 मार्च 2021 रोजी आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी वरिष्ठाकडून छळ झाल्याचा आरोप केला होता. त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागूनही काही झालं नाही, हेही लिहिलं होतं. अंगावर वर्दी, सरकारी हुद्दा, धाडसी म्हणून नाव. त्या बोलल्या होत्या. मग विचारायला हवं ते ऐकणाऱ्यांना.

ऐकून घेणं बंधनकारक करणारा कायदाही आहे: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा, 2013 चा. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानातली किंवा पतसंस्थेतली बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. तक्रार घ्यायला तालुक्याला अधिकारी नेमायचा असतो. तक्रार करायची मुदत तीन महिन्यांची. लिहिता येत नसेल, तर तक्रार लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. हे आमच्या तेल्हाऱ्याच्या बाजारात किती जणींना माहीत आहे? शिवाय टोमणे, डावललं जाणं दरवेळी या कायद्यात बसत नाही. समान कामाला समान वेतन तर 1976 पासून कायद्यात आहे; तरी शेतात बाईची मजुरी गड्यापेक्षा कमीच धरतात.

बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. कंत्राटी पोरीचं एक वाक्य तिच्या घरची चूल विझवू शकतं. तेच वाक्य कायम नोकरीतल्या पुरुषानं उच्चारलं, तर त्याचं फार तर साहेबांशी बिनसतं. "साहेब, हे बरोबर नाही," एवढंच म्हणायचं असतं, आणि तेही तिच्यादेखत, लगेच. संध्याकाळी चहाच्या टपरीवर हळहळून तिला काही मिळत नाही.

नव्यानं कामाला लागलेल्या पोरीला मी "बोल" असं फर्मावणार नाही, "सहन कर" तर मुळीच सांगणार नाही. तारीख लिहून ठेव, कोण हजर होतं ते लिहून ठेव, विश्वासाच्या दोघींच्या कानावर घाल, दुसऱ्या कामाची चौकशी चालू ठेव. तोंड कधी उघडायचं, ते तुझं तू ठरव. ज्यांची नोकरी पक्की आहे, त्यांना मात्र ही सवलत नाही. त्यांनी आधी बोललंच पाहिजे.