सरमिसळ कणसे

मृगाच्या सरी सुरू झाल्या की बेळगावच्या खडेबाजारात शेगड्यांवर मक्याची कणसे भाजली जाऊ लागतात. लिंबू-तिखट चोळलेले कणीस हाती पडले की आम्हांस हटकून आजीची आठवण होते. आणि अलीकडे त्या आठवणीला अपराधाची बोचही असते.

रायबागकडे आमची थोडी विहिरीखालची जमीन आहे. आजीच्या हयातीत तेथे गावरान मका होई. बियाण्याची कणसे निवडायची ती आजीनेच. लांब, बुटकी, पिवळी, तांबूस दाण्यांची, लवकर तुरा आलेल्या ताटांची नि उशिरा आलेल्यांचीही, अशी शे-सव्वाशे कणसे ती आढ्याला टांगून ठेवी. आम्ही एकदा म्हणालो, "आजी, चांगली तेवढीच ठेव की!" ती हसून म्हणाली, "घरात समदी एकाच तोंडावळ्याची असतात व्हय रे?"

ती गेल्यावर कारभार आमच्या हाती आला. आम्ही पडलो शिकलेले! दरसाल सर्वांत भरदार तीन-चार कणसे तेवढी बियाण्यास ठेवू लागलो. पीक एकसारखे दिसू लागले, याचा अभिमानही वाटला. ताटे वर्षागणिक बारीक होत चालली, तिकडे लक्ष गेले नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात डोळे उघडले. साऱ्या शेताला एकाच आठवड्यात तुरे आले आणि नेमका तोच आठवडा आगीचा निघाला. कणसे सोलली, तो निम्म्याहून अधिक दातपडकी!

कारण शोधू जाता कळले ते असे. मक्याच्या कणसावरील एकेक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. तुऱ्यावरचा पराग त्या केसावर पडावा, तेव्हा दाणा धरतो. पारा पस्तिशीच्या बराच वर गेला की पराग निर्जीव होऊ लागतो, केस वाळतात, नाही तर उशिरा बाहेर पडतात. शेतात वाण सरमिसळ असला, तर कोणा ना कोणा ताटाचा पराग बऱ्या दिवशी सापडतो. मका परपरागी, मोजक्या कणसांवर वंश चालविला की तो क्षीण होतो. बियाणे निदान शंभरेक ताटांचे घ्यावे, असे जाणकार सांगतात. आजीने हे पुस्तकात वाचले नव्हते.

एकसारखेपणाची किंमत अमेरिकेनेही मोजली आहे. १९७० साली तेथील बहुतेक संकरित मक्याचे मातृकूळ एकच होते; पानांवरील करप्याने सुमारे पंधरा टक्के पीक गेले. आज हैदराबाद नि रायचूर येथील संशोधक उष्मा सोसणारे संकरित वाण घडवितात, तेही नाना वाणांतील गुण पारखूनच. संकरित मक्याशी आमचे वैर नाही. पण त्याचे भांडवलही असल्याच जुन्या बियाण्यात आहे.

सुदैवाने आजीचे बियाणे चिकोडीकडे आत्याच्या घरी जिवंत होते. तिने पायली भरून दिले, वर बजावले, "आता तरी निवडत बसू नका." शेजारच्या संकरित मक्याचा पराग मिसळू नये, म्हणून आम्ही पेरणी तीन-चार आठवडे पुढे ढकलली. पीक काही अद्भुत आले नाही. पण कणसे भरली. यंदा आढ्याला पुन्हा शंभरावर कणसे टांगली आहेत. त्यांत दोन एकसारखी शोधून सापडत नाहीत, आणि आम्हांस आता ते खटकत नाही.