मान मोडलेली गिटार

तर झालं असं, की गेल्या दिवाळीच्या आधी मी एक मोडकी बेस गिटार विकत घेतली. ‘मोडकी’ हा शब्द बायकोचा. मी तिला ‘जुनी’ म्हणतो. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं, तिचं जरा जास्तच.

कॉलेजात असताना मी उधारीच्या बेसवर दोन गॅदरिंगं काढली होती. पुढे नोकरी, लग्न, हप्ते... आणि बेस राहूनच गेला. मग एका मित्राकडून कळलं, की वसईला एक आजी त्यांच्या नवऱ्याची गिटार विकतायत. ते आधी हॉटेलांतून आणि नंतर बोटीवरच्या बँडमध्ये वाजवायचे. मी रविवारी सकाळी पुण्याहून निघालो.

आजींनी पलंगाखालून खोकं ओढलं. आत गिटार होती, पण तिचं डोकं तारांना लटकत होतं! माळ्यावरून काढताना पडली म्हणाल्या. कुणीतरी मध्ये दोन स्क्रू मारून आणि अराल्डाइट भरून ती जोडायचा प्रयत्न केला होता, तोही सुटला होता. गिब्सनच्या ईबी बेसची ही १९७०च्या दशकातली जपानी नक्कल. पाठीमागच्या पट्टीवर ‘मेड इन जपान’ एवढंच. त्या काळात जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या इतक्या हुबेहूब नकला करत, की १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला. भांडणाचं मूळ होतं गिटारीच्या डोक्याचा आकार. इथे तर डोकंच निखळलं होतं, त्यामुळे तो प्रश्न मिटलेला.

अंगावर जिथे त्यांचा अंगठा टेकत असणार, तिथला रंग उडून लाकूड दिसत होतं. आजींनी त्या जागेवरून पदराने धूळ पुसली आणि म्हणाल्या, “वाजली तर मला सांगा.” मी अकरा हजार दिले आणि निघालो.

या गिटारी तिथेच का मोडतात, ते नंतर नीट वाचलं. डोकं मागच्या बाजूला झुकलेलं असतं. मानेतल्या लाकडाचे धागे सरळ जातात आणि वळणावर आखूड तुटतात. त्यात मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, तिचा नट फिरवता यावा म्हणून नेमकं त्याच जागी लाकूड कोरलेलं असतं. आणि चार तारा मिळून ६०-७० किलोने ओढत असतात. म्हणजे जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथेच लाकूड सगळ्यात कमी.

पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितलं, “साहेब, नवीन घ्या.” मग मी ती गाडीत टाकली आणि दिवाळीला कोल्हापूरला घेऊन गेलो. अण्णांकडे.

अण्णा ३४ वर्षं फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामाचा साचा ज्या लाकडी नमुन्यावरून घेतात, तो नमुना करणारा माणूस. त्यांची बसायची जागा आणि फेटलिंगचा विभाग एकाच शेडमध्ये, मध्ये नुसता पत्रा. पलीकडे दिवसभर ग्राइंडर आणि हवेवरच्या छिन्न्या चालायच्या. कानात घालायला कापूस, तोही आठवला तर. २००९ साली रिटायर झाले तेव्हा ‘जरा कमी येतंय ऐकू’ असं होतं. आता समोरच्याचं बोलणं लागतच नाही म्हणा ना.

माझं आणि त्यांचं बोलणं गेल्या काही वर्षांत आईमार्फत चालतं. मी फोनवर ओरडतो, अण्णा “हां हां” म्हणतात, मग आई फोन घेऊन काय बोलणं झालं ते दोघांनाही सांगते. कानाचं यंत्र घेतलं होतं. ते टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये आहे. “त्यात भांडीच लई वाजत्यात,” असं अण्णांचं म्हणणं. मी चिडायचो. वाटायचं, हा माणूस प्रयत्नच करत नाही.

गिटार पाहून म्हणाले, “काय रं हे? मोडकं घिऊन आलास व्हय? किती दिलंस?”

“अकरा हजार,” मी ओरडलो.

“अकराशे? तरी जास्तच दिलंस.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. (नातेवाईक मंडळी, हे वाचून कृपया कुणी त्यांना दुरुस्त करू नका!)

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून पाहतो तर अण्णा ओसरीवर गिटार मांडी घेऊन बसलेले. तारा काढून ठेवलेल्या. पुढचे चार दिवस आम्ही दोघं तिथेच होतो. आधी स्क्रूंवर डाख द्यायची इस्त्री टेकवली, गरम झाल्यावर अराल्डाइट मऊ पडलं, मग ते पटाशीने कणाकणाने खरवडलं. लाकडावर त्याचा अंश राहिला तर नवीन गोंद धरत नाही. स्क्रूच्या भोकांत लाकडी खुंट्या बसवल्या. “सरस असता तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. तरुणपणी ते सरस उकळून लावायचे, गरम केला की सांधा पुन्हा उघडता येतो. मी नेलेला पिवळा गोंद त्यांनी बोटावर घासून पाहिला आणि “बघू या की” म्हणून टाकलं.

डोक्याच्या वाकड्या आकारावर शिकंजा बसेना. तेव्हा अण्णांनी त्या वळणाचा उलटा ठोकळा कोरला. तासाभरात असा बसला, की मध्ये कागद जाईना. शिवाय पाठीमागून सांध्याला आडव्या जाणाऱ्या दोन खाचा मारून त्यात मानेच्या लांबीतल्या धाग्यांच्या पट्ट्या बसवल्या, म्हणजे ताण एकट्या गोंदावर येत नाही.

मध्ये माझी फजिती झाली. ब्रिजची जागा तपासायला मी त्यांच्या पेटीतली स्टीलची पट्टी घेतली. तारेची वाजती लांबी ७७५ मिलिमीटर यायला हवी, भरली ७६७! मी हादरलो. मान चुकीची चिकटली की काय? अण्णा आधी पट्टीकडे आणि मग माझ्याकडे बघून इतके हसले, की आई बाहेर आली. ती पॅटर्नमेकरची पट्टी होती. ओतलेलं बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आक्रसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. त्यासाठी त्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटरच किंचित मोठा आखलेला असतो. ३४ वर्षं त्यांनी ज्या मापाने जग मोजलं, ते माप मला पहिल्यांदाच कळत होतं.

या चार दिवसांत आम्ही फारसं बोललो नाही. बोलायची गरजच पडली नाही. “धर”, “थांब”, “आता पिळ” एवढंच, तेही बोटाने. कितीतरी वर्षांत इतका वेळ आम्ही एकमेकांसोबत काढला नव्हता.

गोंदाला एक दिवस पुरतो, पण अण्णांनी तीन दिवस शिकंजा सोडू दिला नाही. भाऊबीज झाल्यावर तारा चढवल्या, एकेक, हळूहळू, सांध्यावर बोट ठेवून. सांधा हलला नाही.

अ‍ॅम्प्लिफायर पुण्यात राहिला होता. अशा वेळी गिटारीचं डोकं लाकडी कपाटाला टेकवायचं, म्हणजे अख्खं कपाट वाजायला लागतं. मी आईच्या कपाटाला डोकं टेकवलं आणि सगळ्यात जाड तार छेडली. अण्णा पाठ करून हत्यारं पुसत होते. ते वळले.

“येतंय,” ते म्हणाले. मग येऊन दारावर तळहात ठेवला. “पुन्हा वाजीव.”

त्या तारेचा सूर ४१ हर्ट्झचा. फाउंड्रीसारख्या गोंगाटाने पहिल्यांदा जातं ते ४,००० हर्ट्झच्या आसपासचं, वयानेही वरचंच जातं. आपल्या बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ तिथे वरती असतात. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे अण्णांना कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. आणि मी इतकी वर्षं काय करत होतो? ओरडत होतो. ओरडलं की आवाज चढतो, आणि जे त्यांच्यापाशी उरलेलंच नाही तिकडेच जातो. हे सगळं मला एरवीही वाचायला मिळालं असतं. गिटारीच्या मोडण्यावर मी तीन रात्री वाचलं, अण्णांच्या कानांवर एकही नाही.

आता मी समोर बसून, आवाज खाली ठेवून, सावकाश बोलतो. सगळं लागतं असं नाही, पण आईला मध्ये यावं लागणं कमी झालंय. यंत्र मात्र अजून ड्रॉवरमध्येच आहे. ते नीट जुळवून घ्यायला जानेवारीत त्यांना घेऊन गेलो होतो. पुन्हा बोलावलंय.

सांध्याची केसाएवढी रेघ अजून दिसते. मी त्यावर रंग लावणार होतो, अण्णांनी नको म्हटलं. “कुठं मोडलंय ते दिसू दे. पुढच्या माणसाला कळंल.” अंगठ्याची उडालेली जागाही तशीच ठेवली. वसईच्या आजींना फोन करून गिटार वाजून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते जरा जोरात वाजवायचे.”

एवढं सगळं होऊन अ‍ॅम्पला लावल्यावर गुरगुर येतेच आहे. ग्राउंडची वायर कुठेतरी सुटली असणार. पाडव्याला पुन्हा कोल्हापूर.