तिसरं हब

डेन्व्हर, रविवार रात्र. पिकअपचं पुढचं उजवं हब दीड वर्षात तिसऱ्यांदा गेलं. आय-७० वरून डोंगर उतरताना ती ओळखीची घरघर सुरू झाली. गाडी डावीकडे वळवली की वाढायची, उजवीकडे वळवली की दबायची. घरी जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. मनगटाला बारीकसा ठोका जाणवला आणि पोटात गोळा आला. आज मुलं मागच्या सीटवर होती.

दर वेळी मी हबलाच दोष दिला. स्वस्तातलं होतं, आता महागाचं घेऊ! महागाचंही गेलं. मग आज नवं बसवायची घाई केली नाही. हब काढलं आणि दिवा घेऊन दोन तास नुसता बघत बसलो.

गाडी कायमची चार इंच उचलली तेव्हा ३५ इंची टायर घासू नयेत म्हणून चाक आणि हब यांच्यामध्ये दोन इंचांचे स्पेसर घातले होते. चाक ५० मिलिमीटर बाहेर गेलं, हबमधलं बेअरिंग होतं तिथेच राहिलं. प्रत्येक वळणाला त्यावरचा पीळ वाढला. पण मग डावं कसं टिकलं? उत्तर स्टीअरिंग नकलवर, म्हणजे हब ज्या भागावर बसतं त्यावर होतं. उजवं हब जिथे टेकतं, तिथे बर्फ वितळवायच्या मॅग्नेशियम क्लोराइडने गंजाचे पापुद्रे धरले होते. हब कधी सपाट बसलंच नव्हतं. डावीकडची जागा स्वच्छ होती.

तारेच्या ब्रशने गंज काढला, मग नवं हब बसवलं. अ‍ॅक्सलचा नट या वेळी टॉर्क रेंचने आवळला, कारण बेअरिंगवरचा दाब तोच नट धरतो. स्पेसर काढले, टायर आता लहान घेणार. तुमची गाडी उचललेली असेल, तर आज चाक हलवून बघाच.