ब्रह्मगिरीच्या वाटेवर उजेड कसा असावा?

श्रावणातील तिसऱ्या सोमवारची आदली रात्र आपण त्र्यंबकेश्वरी कधी अनुभवली आहे का? नाशिकहून निघालेली एस.टी. अंजनेरीजवळून पुढे सरकते, तेव्हाच खिडकीच्या काचांवर पावसाचे थेंब दाटू लागतात. सुमारे तीस किलोमीटरचा प्रवास संपवून आपण उतरतो, ते भिजलेल्या गर्दीतच. कुशावर्तावर स्नान करायचे आणि रात्रीच प्रदक्षिणेला लागायचे, हा येथील परिपाठ. ब्रह्मगिरीला वळसा घालणारी ही वाट सुमारे वीस किलोमीटरची आहे. पंचांगाचा हिशेब मांडला तर तिसरा सोमवार पौर्णिमेच्या आसपास किंवा तिच्यानंतरच्या आठवड्यात येतो. म्हणजे आकाशात चंद्र असतोच. परंतु तो ढगांच्या वरच राहतो. खाली चालणाऱ्याच्या वाट्याला येतो तो केवळ हातातला उजेड.

ही वाट कुटुंबासह चालण्याची रीत फार जुनी. विठ्ठलपंत आपल्या कुटुंबासह याच प्रदक्षिणेस निघाले असता वाटेत वाघ आला, त्या धांदलीत बाल निवृत्ती मागे राहिले, एका गुहेत शिरले आणि तेथे त्यांना गहिनीनाथांचा अनुग्रह लाभला, असे परंपरा सांगते. माणसे तीच, डोंगर तोच; बदलला आहे तो हातातील दिवा. या बदलाचा आपल्या डोळ्यांशी, पावलांशी आणि झोपेशी किती निकटचा संबंध आहे, हे मला याच वाटेने शिकवले. आज तेच आपल्याला सांगायचे आहे.

मागच्या प्रदक्षिणेला आम्ही तिघे होतो: सदुसष्ट वर्षांची आत्या, माझा महाविद्यालयात शिकणारा मुलगा आणि मी. तिघांच्या हातांत तीन पिढ्यांच्या विजेऱ्या. बोलताना आपण तिला ‘बॅटरी’च म्हणतो, येथे सेल आणि दिवा यांची गल्लत नको म्हणून विजेरी म्हणू. आत्याकडे एव्हरेडीची जुनी, दोन सेलांची, पत्र्याची विजेरी होती. आत काचेचा छोटा दिवा. मुलाकडे अॅल्युमिनियमची, तळहातात मावणारी, १८६५० या जातीच्या लिथियम सेलवर चालणारी. खोक्यावर १२०० ल्युमेन आणि ६५०० केल्विन असे छापलेले. माझ्याकडे साध्या पेन्सिल-सेलची बोटाएवढी विजेरी होती. तिचा उजेड फार तर दीडशे ल्युमेन, छटा ४००० केल्विन.

पेगलवाडीकडून पहिन्याच्या दिशेला वळेपर्यंत मुलाच्या विजेरीचा तोरा काही वेगळाच होता. समोरचा डोंगरउतार दिवसासारखा उजळत होता. दोन-तीन मिनिटांतच मात्र ती हातात धरवेना आणि तिचा उजेडही आपोआप उतरला. मुलाला वाटले, बिघडली. ती बिघडली नव्हती. स्वतःला जपत होती. याचे गणित साधे आहे. हजार ल्युमेनसाठी साधारण दहा वॅट वीज लागते आणि त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश उष्णतेत जाते. बोटभर धातूला एवढी उष्णता हवेत सोडता येत नाही. म्हणून चांगल्या विजेरीत तापमान वाढताच उजेड कमी करणारी योजना असते. शिवाय त्या सेलमध्ये सुमारे दहा-अकरा वॅट-तास वीज असते. म्हणजे हजार ल्युमेनवर तासभर, तर शंभर ल्युमेनवर रात्रभर. आपला डोळाही या चढाओढीत फसत नाही. दुप्पट उजेड त्याला दुप्पट भासत नाही, त्यासाठी सुमारे चौपट उजेड लागतो. पायाखालची वाट पाहण्यास पन्नास ते शंभर ल्युमेन पुरतात, हे आम्हाला पहिल्या दोन तासांतच पटले.

पहिन्याच्या पुढे धुके उतरले. कधी दगडगोटे, कधी भातखाचरांची निसरडी कड. पुढच्या काही तरुणांनी कपाळाला दिवे बांधले होते. त्यांच्यापुढे पांढरी भिंत उभी राहिली, कारण डोळ्यांच्या रेषेतून निघालेला प्रकाश धुक्यातील थेंबांवरून थेट डोळ्यांकडेच परत येत होता. आत्याने मात्र आपली विजेरी मांडीजवळ, खाली झुकवून धरली होती, जशी तिची आई कंदील धरीत असे. त्या रीतीत मोठे शहाणपण आहे. उजेड खालून आणि तिरका आला की प्रत्येक दगडाची सावली लांब पडते आणि त्याची उंची कळते. कपाळावरून येणारा उजेड त्या सावल्या पुसून टाकतो. खड्डा आणि सपाट जमीन सारखीच दिसू लागते.

समोरून येणाऱ्या झोताचा त्रास ज्येष्ठांना विशेष होतो. साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यामुळे त्यांना उजेड अधिक हवा असतो. पण मोतीबिंदूची सुरुवात असेल तर थेट डोळ्यांत शिरलेला झोत विखुरतो आणि काही क्षण काहीच दिसत नाही. अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. एका बेपर्वा झोताने ती कमाई क्षणात जाते. एकदा मुलाने काळजीपोटी मागे वळून आत्याच्या तोंडावर उजेड टाकला आणि ती जागीच थबकली. “अरे, खाली धर. मला वाट दिसू दे, मी दिसले नाही तरी चालेल,” ती म्हणाली.

अर्धी वाट संपल्यावर आम्ही एका पडवीत टेकलो. आत्या नवसामुळे अनवाणी होती. तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि तळव्यांची संवेदना मंदावली आहे. आम्ही तिला बुटांचा आग्रह केला होता, पण तो अपुरा पडला, ही आमचीच चूक. मुलाने आपल्या विजेरीने तिचे पाय पाहिले. “आत्याआजी, चिखलच आहे सगळा,” तो म्हणाला. मला मात्र चैन पडेना. माझी लहान विजेरी जवळ धरली आणि टाचेवरील एक डाग तपकिरी नसून लाल आहे, हे लख्ख दिसले. दगडाने खोलवर कापले होते. आत्याला काही कळलेही नव्हते.

असे का झाले? पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरील पिवळसर लेप त्या निळ्यातील काही भागाचे रूपांतर करून पांढरा उजेड घडवतो. स्वस्त किंवा केवळ झगझगाटासाठी बनवलेल्या एलईडीत लाल रंगाचा वाटा तोकडा राहतो. मग रक्त, पुरळ, जखमेभोवतीची लाली हे सारे करडे-तपकिरी दिसते. रंग किती खरे दिसतात, हे सीआरआय या अंकाने सांगतात. आत्याच्या जुन्या दिव्याचा तो १०० च्या जवळ, पण उजेड अगदी क्षीण. साध्या एलईडीचा सुमारे ७०. माझ्या विजेरीचा ९० च्या वर. असा एलईडी तेवढ्याच विजेत उजेड थोडा कमी देतो, पण जे दाखवतो ते खरे दाखवतो. केल्विन हा आकडा निराळा: २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर ऊब, ४००० ते ५००० म्हणजे मध्यम, ६५०० म्हणजे निळसर पांढरा.

जखम स्वच्छ पाण्याने धुतली, पट्टी बांधली, पायात मोजे-बूट चढवले आणि उरलेली प्रदक्षिणा सोडून वाहनाने परतलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. जखम भरायला तीन आठवडे लागले. ती आणखी दहा किलोमीटर चिखलात तशीच राहिली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

मोठी विजेरी निरुपयोगी, असे मात्र समजू नये. निफाड-सिन्नरकडे बिबट्याचा वावर आहे आणि शेतीची वीज रात्रपाळीने आली की उसाला, द्राक्षबागेला पाणी देण्यास शेतकरी अंधारात जातो. तेथे दूर फेकणारा झोत हवाच. मात्र त्याच हातात पावलांजवळचा मंद उजेडही हवा, कारण मण्यार रात्रीच फिरते आणि तिच्या दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही. दंशाची शंका आली तरी खूण शोधत बसू नका. कापणे, चोखणे, घट्ट आवळणे टाळा, तो अवयव हलू देऊ नका आणि १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठा.

घरासाठी विजेरी घेताना दुकानात एक साधी परीक्षा करा. तिचा उजेड स्वतःच्या तळहातावर टाका. तळवा गुलाबी, जिवंत दिसला तर विजेरी चांगली. फिकट, हिरवट दिसला तर दुसरी पाहा. पाच-दहा ल्युमेनपर्यंत खाली येणारा मंद टप्पा तिच्यात असावा. रात्री न्हाणीघरात जाताना हाच पिवळसर, मंद उजेड वापरा. झगझगीत निळसर प्रकाश झोपेस साहाय्य करणाऱ्या मेलाटोनिनला अडथळा करतो. जोरकस विजेरी पिशवीत चुकून सुरू झाली तर काळे कापड करपू शकते, म्हणून तिचे मागचे झाकण थोडे सैल करून ठेवा. लिथियम सेल अंथरुणावर चार्ज करू नका; वेष्टन फाटलेला सेल तर वापरूच नका. पावसात न्यायची असल्यास आयपी ६७ किंवा त्याहून वरचा दर्जा पाहा. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याची खात्री.

येत्या श्रावणात आत्या पुन्हा जाणार आहे; या वेळी बूट घालून. नवस देवाने पायांकडे पाहून मोजला नसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आहे. मुलाने आपली विजेरी मंद टप्प्यावर ठेवायची आणि झोत सदैव जमिनीकडे धरायचा, एवढी अट तिने घातली आहे. माझी बोटाएवढी विजेरी मात्र तिने आधीच मागून घेतली आहे. दर तासाला थांबून पाय पाहण्यासाठी.