फ्रीमाँटची घंटा

फ्रीमाँटला पाहुणे आले की आम्ही त्यांना मिशन सॅन होजेला नेतो. फादर लासुएन यांनी १७९७ साली स्थापलेले हे मिशन कॅलिफोर्नियातल्या २१ मिशनांपैकी १४ वे. जुने चर्च १८६८ च्या भूकंपात पडले. आज दिसते ती १९८५ साली पुरी झालेली प्रतिकृती.

आम्ही वसईचे. दुपारची घंटा झाली की वाडीतली आजी पाटाच्या पाण्यात हात धुऊन क्रुसाची खूण करायची, दोन मिनिटे गप्प उभी राहायची, की पुन्हा केळींना पाणी! इथे ऑफिसात कसली घंटा? आमची नोकरी गेली त्या वर्षी जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हा सौ.ने आमच्या घड्याळात बाराचा गजर लावून दिला. वाजला की एक प्रार्थना, बस्स. त्याने नोकरी काही मिळाली नाही, पण दुपार निभायची.

मिशनच्या आवारात मात्र अडखळायला होते. इथल्या ओलोनी लोकांना हीच घंटा उठवी, कामाला जुंपी. साथींनी त्यांची घरेच्या घरे गेली. ‘‘बाबा, त्यांनाही ती ऐकून शांत वाटायचं?’’ लेकीने विचारले. उत्तर सुचेना, तेवढ्यात मनगटावर बारा वाजले.

त्या दिवशीची प्रार्थना आम्ही त्यांच्यासाठी म्हटली.